मालगाडीचा मार्ग आखताना : अनिश्चिततेतील निर्णय आणि बुलढाणा जिल्हा

लोहमार्ग एकदा टाकला की तो उचलून दुसरीकडे नेता येत नाही, त्याचा चढ पुढे कमी करायचा झाल्यास जवळजवळ नवा मार्गच बांधावा लागतो, आणि त्यावर कोणता माल किती धावेल हे मात्र मार्ग पुरा होऊन काही वर्षे लोटल्यावरच कळते. म्हणून मालवाहतुकीच्या मार्गाची आखणी हा अपुऱ्या माहितीवर घ्यावा लागणारा आणि घेतल्यावर मागे फिरवता न येणारा निर्णय ठरतो. बुलढाणा जिल्ह्यात हा प्रश्न पुस्तकी नाही. मलकापूर, नांदुरा, जलंब आणि शेगाव ही स्थानके मुंबई–नागपूर–हावडा या मुख्य मार्गावर आहेत, खामगावला जलंबहून सुमारे १३ किलोमीटरची शाखा आहे, परंतु घाटावरचे बुलढाणा हे जिल्ह्याचे ठिकाण आणि चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेड राजा, देऊळगाव राजा हे तालुके आजही रेल्वेविना आहेत. खामगावहून चिखली, देऊळगाव राजामार्गे जालन्याला जाणाऱ्या, दीडशे किलोमीटरांहून थोड्या अधिक लांबीच्या मार्गाची मागणी शतकाहून जुनी आहे आणि तिच्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या निवेदने दिली गेली आहेत. बाजार समितीचे संचालक, अडते, लोकप्रतिनिधी, पत्रकार आणि अभियांत्रिकीचे विद्यार्थी यांच्यापुढे अशा मार्गाचा अहवाल येतो तेव्हा तो कसा वाचावा, त्यातील कोणत्या आकड्यावर किती विसंबावे आणि निर्णयाची मांडणी कशी करावी, याचे मार्गदर्शन करण्याचा हा प्रयत्न आहे.

अर्थशास्त्रज्ञ फ्रँक नाइट यांनी १९२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात जोखीम आणि अनिश्चितता यांतील फरक स्पष्ट केला. ज्या घटनेची शक्यता पूर्वानुभवावरून मोजता येते ती जोखीम, आणि जिच्या शक्यतेला मोजण्याजोगा आधारच नसतो ती अनिश्चितता. पूर्णा नदीला अमुक उंचीचा पूर किती वर्षांतून एकदा येतो, हे नोंदींवरून काढता येते, म्हणून ती जोखीम होय. तीस वर्षांनी जालन्याचा पोलाद उद्योग कोणता कच्चा माल वापरत असेल, हे कोणत्याही नोंदवहीत सापडत नाही, म्हणून ती अनिश्चितता होय. अहवालांत या दोहोंना एकाच पंक्तीला बसवून दोन्हींसाठी दशांश चिन्हापर्यंतचे आकडे दिलेले असतात, आणि वाचणाऱ्याची फसगत तेथेच सुरू होते. म्हणून अहवाल हाती येताच प्रत्येक महत्त्वाच्या आकड्यापुढे तो मोजलेला आहे, अनुमानलेला आहे की केवळ गृहीत धरलेला आहे, अशी खूण करणे ही पहिली पायरी समजावी. ज्या आकड्यांपुढे तिसरी खूण पडते त्यांच्याविषयी अधिक अचूक भाकीत मागण्यात अर्थ नसतो. ते भाकीत चुकले तरी ज्याची हानी सोसवेल असा मार्ग आणि असा टप्पा कोणता, हा प्रश्न विचारावा लागतो.

मालाचा अंदाज

मालाचे भाकीत काळाबरोबर कसे फिरते, याचे एक उदाहरण जिल्ह्याच्या इतिहासातच आहे. खामगावची शाखा १८७० मध्ये सुरू झाली ती कापसासाठी. वऱ्हाडातील कापूस मुंबई बंदराकडे आणि तेथून इंग्लंडच्या गिरण्यांकडे वेगाने नेणे हा तिचा हेतू होता आणि त्या काळी तो सफळही झाला. शेजारच्या मूर्तिजापूरहून अचलपूर आणि यवतमाळकडे जाणारी, पुढे ‘शकुंतला’ या नावाने ओळखली गेलेली अरुंद रुळांची गाडीही कापसाच्याच भरवशावर निघाली होती. कापूस आजही पिकतो. पण तो गावाजवळच्याच जिनिंगमध्ये जातो, गाठी बांधल्या जातात आणि त्या बहुधा ट्रकने थेट गिरणीच्या दारात पोहोचतात. पीक टिकले, मात्र त्याची वाहतुकीची वाट बदलली. त्यामुळे ‘जिल्ह्यात इतके सोयाबीन, इतका मका, इतकी तूर होते, म्हणून रेल्वेला इतका माल मिळेल’ अशा स्वरूपाच्या युक्तिवादाकडे सावधपणे पाहिले पाहिजे. उत्पादनाचा आकडा हा वाहतुकीचा आकडा नव्हे, आणि वाहतुकीचा आकडा हा रेल्वेच्या वाट्याचा आकडा नव्हे.

उत्पादनातून प्रथम स्थानिक खप आणि स्थानिक प्रक्रिया वजा करावी लागते. उरलेल्यातून जवळच्या अंतरावर जाणारा माल वगळावा लागतो, कारण शे-दोनशे किलोमीटरसाठी ट्रक भरून शेतातून वा गोदामातून थेट नेणे परवडते, तर रेल्वेसाठी माल आधी मालधक्क्यावर आणावा लागतो, हमालांकरवी वाघिणींत भरावा लागतो आणि दुसऱ्या टोकाला पुन्हा उतरवून ट्रकवर चढवावा लागतो. त्यानंतरही जो लांब पल्ल्याचा माल उरतो तो एकगठ्ठा मिळतो का, हे पाहावे लागते. धान्य, खत किंवा सिमेंट यांची बंदिस्त वाघिणींची एक पूर्ण मालगाडी, म्हणजे व्यापाऱ्यांच्या बोलीतील एक रेक, सुमारे अडीच हजार टन माल वाहते. चिखलीच्या एखाद्या व्यापाऱ्याजवळ एका दिवशी एवढा माल एका ठिकाणासाठी तयार असणे दुर्मीळ असते. लहान रेक किंवा दोन ठिकाणी उतरवायची रेक अशा सोयी रेल्वेने ठेवल्या आहेत, पण त्यांसाठी अटी असतात. वाघिणी ठरलेल्या वेळेत रिकाम्या झाल्या नाहीत तर डेमरेज, म्हणजे विलंबाचा आकार, आणि माल धक्क्यावर पडून राहिला तर वार्फेज, म्हणजे जागा अडवल्याचा आकार, भरावा लागतो. हे दोन आकार व्यापाऱ्याच्या हिशेबात मोठे असतात आणि अहवालात बहुधा नसतात.

टनांचा आकडा रेकमध्ये बदलून पाहण्याची सवय फार उपयोगी पडते. अहवालात वर्षाला दहा लाख टन माल दाखवला असेल तर त्याला अडीच हजारांनी भागावे. उत्तर येते चारशे रेक, म्हणजे सरासरीने रोज एकाहून किंचित अधिक. मग मालधक्क्याच्या अनुभवी माणसाला विचारता येते की, रोज एक पूर्ण रेक येथे भरली वा उतरवली जाईल का, त्यासाठी लागणारे हमाल आणि ट्रक मिळतील का, आणि पेरणीपूर्वी खताच्या रेक एकापाठोपाठ एक आल्या तर धक्का पुरेल का. दहा लाख टन ऐकून माना डोलावणारी सभा रोज एक रेक म्हटल्यावर विचारात पडते, आणि ते हिताचेच असते. शिवाय कोरडवाहू जिल्ह्यात सरासरी हीच फसवी गोष्ट आहे. सोयाबीन आणि कापसाचा माल दिवाळीच्या सुमारास दाटतो, खत उन्हाळ्याच्या अखेरीस येते, मधले महिने रिते जातात, आणि एक पाऊस चुकला की पूर्ण हंगामच हातचा जातो. अंदाज म्हणून एकच आकडा न स्वीकारता अवर्षणाचे वर्ष, सामान्य वर्ष आणि सुकाळाचे वर्ष असे तीन आकडे मागावेत. त्याचबरोबर भरून गेलेल्या वाघिणी रिकाम्या परत येणार की परतीचा माल मिळणार, हेही विचारावे.

जवळची वाट कोणासाठी जवळची

खामगाव–जालना मार्गाचे सर्वांत मोठे बळ स्थानिक मालापेक्षा थेट जाणाऱ्या मालात आहे, असे म्हणण्यास आधार आहे. विदर्भ आणि छत्तीसगडकडून येणारी मालगाडी अकोल्याला पोहोचली आणि तिला जालन्याला जायचे असले, तर आज ती वाशीम, हिंगोली, पूर्णा, परभणी या वाटेने सुमारे साडेतीनशे किलोमीटर धावते. तीच गाडी जलंब, खामगाव, चिखलीमार्गे गेली तर हे अंतर सव्वादोनशे किलोमीटरांच्या आतबाहेर येते. जालन्यातील पोलाद कारखान्यांना लागणारा कच्चा माल आणि तेथील ड्राय पोर्ट, म्हणजे बंदराबाहेर, देशाच्या आतल्या भागात कंटेनर हाताळण्यासाठी उभारलेले केंद्र, यांचा विचार करता ही बचत दुर्लक्षिण्याजोगी नाही.

परंतु ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाच्या आर्थिक व्यवहार समितीने १७४ किलोमीटरच्या जालना–जळगाव मार्गाला मंजुरी दिली आणि त्यामुळे खामगाव–जालना मार्गाचे गणित अंशतः बदलले. गुजरात, खानदेश किंवा उत्तर भारतातून भुसावळला आलेल्या गाडीला जळगावमार्गे जालना सुमारे दोनशे किलोमीटर पडेल, तर जलंब–खामगावमार्गे तेच अंतर अडीचशेच्या पुढे जाईल. म्हणजे पश्चिमेचा आणि उत्तरेचा माल जळगावच्या वाटेने जाणार हे उघड आहे. पूर्वेच्या मालासाठी मात्र चित्र वेगळे आहे. अकोल्याहून भुसावळ, जळगाव करत जालन्याला जाणे हे जवळजवळ पूर्णा–परभणीमार्गे जाण्याइतकेच लांब पडते, म्हणून पूर्वेकडील मालाच्या बाबतीत खामगावच्या वाटेची शंभरावर किलोमीटरांची बचत नव्या मार्गानंतरही टिकून राहते. या साध्या बेरीज-वजाबाकीतून एक ठाम गोष्ट हाती लागते. जालना–जळगाव मंजूर होण्यापूर्वी मांडलेला खामगाव–जालना मार्गाचा कोणताही वाहतूक अंदाज दिशावार फोडून पुन्हा काढला पाहिजे, आणि तो केवळ पूर्वेच्या मालावर उभा राहतो का, हे पाहिले पाहिजे. ‘जळगावला मार्ग दिला, आता आमचाही द्या’ हा युक्तिवाद भावनेला पटणारा असला तरी आर्थिक कसोटीवर दुबळा आहे. ‘जळगावचा मार्ग पूर्वेच्या मालाला उपयोगी नाही’ हा युक्तिवाद त्याहून कितीतरी भक्कम आहे.

नकाशावरील अंतरात न दिसणाऱ्या दोन गोष्टी येथे तपासाव्या लागतात. पहिली म्हणजे जोडस्थानक. अकोल्याकडून आलेली गाडी जलंबला खामगावच्या शाखेवर थेट वळू शकेल की तिचे इंजिन एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला लावावे लागेल, या एका तपशिलावर प्रत्येक गाडीचा बराच वेळ अवलंबून असतो. दुसरी म्हणजे दोन्ही टोकांची क्षमता. वर्धा–भुसावळ या ३१४ किलोमीटरच्या टप्प्यावर तिसऱ्या आणि चौथ्या रुळांना ऑक्टोबर २०२५ मध्ये मंजुरी मिळाली, छत्रपती संभाजीनगर–परभणी दुहेरीकरणाला त्याच वर्षी जुलैअखेर मिळाली. ही कामे वेळेत झाली तर नव्या मार्गावरून येणाऱ्या गाड्या मुख्य मार्गात सामावतील, लांबली तर त्या जलंबला आणि जालन्याला अडून राहतील. शिवाय खामगाव मध्य रेल्वेच्या भुसावळ विभागात आहे आणि जालना दक्षिण मध्य रेल्वेच्या नांदेड विभागात, त्यामुळे दोन विभागांची वेळापत्रके आणि प्राधान्यक्रम जुळवणे हेही नियोजनाचे काम ठरते.

चढ, काळी माती आणि पूर

जिल्ह्याचे दोन भाग आहेत : पूर्णेच्या खोऱ्यातील सखल पायनघाट आणि अजिंठ्याच्या रांगेवरील बालाघाट. खामगाव खाली आहे आणि चिखली वर, त्यामुळे खामगावहून निघालेल्या मार्गाला सुमारे तीनशे मीटर चढावे लागते. संपूर्ण मार्गाची क्षमता या एका चढावर ठरते, कारण गाडीचे वजन सर्वांत कठीण चढाला झेपेल एवढेच ठेवावे लागते. अभियंते त्याला निर्णायक चढ म्हणतात.

हे आकड्यांत पाहणे उद्बोधक आहे. सपाटीवर हळू चालणाऱ्या मालगाडीला ओढण्यासाठी दर टनामागे ढोबळ मानाने दोन किलो बळ लागते, म्हणजे वाघिणींसह ३,५०० टनांच्या गाडीला सात टन. शंभर मीटर चालून एक मीटर चढणाऱ्या मार्गावर, म्हणजे १:१०० या चढावर, दर टनामागे आणखी दहा किलो बळ लागते, म्हणजे अधिकचे ३५ टन. एकूण ओढ सहापट होते. चढ १:१५० ठेवला तर हे अधिकचे बळ साधारण २३ टनांवर आणि १:२०० ठेवला तर साडेसतरा टनांवर येते. मात्र तीनशे मीटर चढण्यासाठी १:१०० या प्रमाणात तीस किलोमीटर लागतात, १:१५० साठी पंचेचाळीस आणि १:२०० साठी साठ. म्हणजे जवळचा मार्ग गाडीला थकवतो आणि सौम्य मार्ग लांब पडतो. प्रवासी गाडी पहिला मार्ग सहज चढून जाते. अवजड मालगाडीला मात्र मागून जोड इंजिन द्यावे लागते किंवा वाघिणी कमी कराव्या लागतात. बांधकामाचा खर्च वाचवण्यासाठी निवडलेला तीव्र चढ हा मालवाहतुकीच्या मार्गावरील कायमचा दंड असतो. म्हणून ज्या अहवालात निर्णायक चढाचा आकडा दिलेला नाही, तो मालवाहतुकीचा अहवाल मानूच नये. खामगाव आणि बुलढाण्याच्या मध्ये ज्ञानगंगा अभयारण्य आहे, त्यामुळे सौम्य चढ शोधताना आखणी कोणत्या बाजूला सरकू शकते यालाही मर्यादा पडते.

काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर उभारलेला भराव चांगल्या मुरमाच्या थराशिवाय आणि पाण्याच्या निचऱ्याशिवाय टिकत नाही, आणि तो मुरूम किती अंतरावरून आणावा लागेल यावर खर्च बराच हलतो. पुलांच्या बाबतीत एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. ‘पन्नास वर्षांतून एकदा येणारा पूर’ याचा अर्थ तो पन्नास वर्षे येणार नाही असा नाही. तो कोणत्याही वर्षी येण्याची शक्यता दोन टक्के आहे, एवढाच त्याचा अर्थ आहे. त्या हिशेबाने तीस वर्षांत तो किमान एकदा ओलांडला जाण्याची शक्यता ४५ टक्के आणि शंभर वर्षांत ८७ टक्के येते. पूल शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुरासाठी बांधला, तर तीस वर्षांतील शक्यता २६ टक्क्यांवर उतरते. जुलै २०२३ मध्ये संग्रामपूर आणि जळगाव जामोद तालुक्यांत आलेल्या पुराने पूर्णेच्या खोऱ्यात पाणी किती वेगाने चढते ते दाखवून दिले. जुन्या पर्जन्यनोंदींवर आधारलेले पुलांचे गाळे अशा ठिकाणी पुन्हा मोजून घ्यावेत.

खर्च आणि काळ

नियोजक स्वतःच्या प्रकल्पाकडे आतून पाहतो तेव्हा त्याला त्याचे वेगळेपण दिसते आणि अडचणी दिसत नाहीत. यावरचा उपाय म्हणजे तशाच पूर्ण झालेल्या प्रकल्पांचा समूह घेऊन त्यांचे प्रत्यक्षात काय झाले ते पाहणे. डेन्मार्कचे अभ्यासक बेंट फ्लिव्हबर्ग आणि त्यांचे सहकारी यांनी २००२ मध्ये २५८ वाहतूक प्रकल्पांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातील रेल्वे प्रकल्पांचा खर्च मूळ अंदाजापेक्षा सरासरी ४५ टक्क्यांच्या आसपास वाढला होता. बुलढाण्याच्या वाचकाला मात्र उदाहरणासाठी डेन्मार्कपर्यंत जाण्याची गरज नाही. अहिल्यानगर–बीड–परळी हा २६१ किलोमीटरचा मार्ग १९९५ मध्ये ३५३ कोटी रुपयांच्या अंदाजाने मंजूर झाला. बीडपर्यंत गाडी सप्टेंबर २०२५ मध्ये पोहोचली आणि खर्चाचा अंदाज तोवर ४,८०५ कोटींवर गेला होता. वर्धा–यवतमाळ–नांदेड हा २८४ किलोमीटरचा मार्ग २००८-०९ मध्ये मंजूर झाला, त्यातील वर्धा–कळंब हा पहिला टप्पा फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाला. महाराष्ट्रातील नव्या मार्गांचा हा खरा वेग आहे, आणि खामगाव–जालना मार्गाचा अहवाल पाच वर्षांत काम पूर्ण होईल असे सांगत असेल तर याच वेगाशी त्याची तुलना करावी.

विलंब हा केवळ मनस्तापाचा विषय नाही. वार्षिक दहा टक्के दराने हिशेब केला तर दहा वर्षांनी मिळणाऱ्या शंभर रुपयांचे आजचे मूल्य ३९ रुपयांपेक्षाही कमी आणि वीस वर्षांनी मिळणाऱ्या शंभर रुपयांचे पंधरा रुपयांच्या आत येते. भविष्यातील लाभाचे मूल्य असे आजच्या पैशांत आणण्याला वटवणूक म्हणतात. बांधकामाचे पैसे मात्र आधीच जातात. परताव्याच्या कसोटीवर काठावर पास झालेला मार्ग पाच वर्षे लांबला की बहुधा नापासच होतो. म्हणून परताव्याचा दर वाचताना ‘विलंब झाला तर किती?’ हा प्रश्न जोडीला विचारावाच.

पर्यायांची मांडणी

एवढ्या शंका मांडल्यावर काहीच करू नये असा निष्कर्ष निघतो, असे कोणी समजू नये. काही न करणे हाही निर्णयच आहे आणि त्याचीही किंमत घाटावरचे तालुके शतकभर मोजत आले आहेत. प्रश्न पर्याय नीट मांडण्याचा आहे. पुढील आकडे केवळ रीत समजावण्यासाठी घेतलेले आहेत, कोणत्याही अहवालातील नाहीत. समजा, तीन पर्याय आहेत : संपूर्ण मार्ग एकदम बांधणे; जालन्याकडून पठारावरील देऊळगाव राजा–चिखली हा टप्पा आधी बांधून घाटाचा भाग पुढे ठेवणे; किंवा नवा मार्ग न बांधता खामगाव–जलंबचे मालधक्के आणि त्यांना जोडणारे रस्ते सुधारणे. माल भरपूर मिळाला तर पहिल्याचा निव्वळ लाभ ९०० कोटी, दुसऱ्याचा ६५० आणि तिसऱ्याचा १०० कोटी. माल कमी मिळाला तर पहिल्यात १,२०० कोटींचा तोटा, दुसऱ्यात ३०० कोटींचा तोटा आणि तिसऱ्यात ५० कोटींचा लाभ.

येथे पश्चात्तापाची कसोटी लावता येते. निवडलेल्या पर्यायाचे फळ आणि त्या परिस्थितीत सर्वोत्तम ठरला असता त्या पर्यायाचे फळ यांतील अंतर म्हणजे पश्चात्ताप. संख्याशास्त्रज्ञ लिओनार्ड सॅव्हेज यांनी १९५१ मध्ये ही कल्पना मांडली. पहिल्या पर्यायाचा कमाल पश्चात्ताप १,२५० कोटी येतो, तिसऱ्याचा ८०० आणि दुसऱ्याचा ३५०. शक्यतांची कसोटी लावली तरी हेच दिसते : भरपूर माल मिळण्याची खात्री ७८ टक्क्यांहून अधिक असेल तरच सारा मार्ग एकदम बांधणे योग्य, ३९ टक्क्यांहून कमी असेल तर धक्के सुधारणे पुरेसे, आणि मधल्या मोठ्या पट्ट्यात टप्प्याटप्प्याने जाणे योग्य. सभेत ‘माल नक्की मिळेल’ असे सांगणाऱ्याला आणि ‘मुळीच मिळणार नाही’ असे सांगणाऱ्याला, दोघांनाही ‘शंभरात किती?’ एवढेच विचारावे. दोघांची उत्तरे बहुधा त्या मधल्या पट्ट्यातच पडतात आणि वाद निवळतो.

याच मांडणीतून माहितीची किंमतही काढता येते. भरपूर माल मिळण्याची शक्यता ६० टक्के मानली तर टप्प्यांच्या पर्यायाचे अपेक्षित फळ २७० कोटी येते. माल मिळेल की नाही हे आधीच निश्चित कळले असते तर ते ५६० कोटी झाले असते. म्हणजे संपूर्ण माहितीची किंमत २९० कोटींपर्यंत जाते. वास्तवात एवढी माहिती कोणी देऊ शकत नाही, परंतु चिखली आणि देऊळगाव राजाच्या रस्त्यांवर वर्षभरातील चारही मोसमांत ट्रकांची मोजणी करणे, समृद्धी महामार्गावर मेहकर–सिंदखेड राजा भागातून चढणाऱ्या मालाची दिशा पाहणे आणि घाटात जागोजागी खडकापर्यंत छिद्रे पाडून भूगर्भ तपासणे यांवर काही कोटी खर्च करण्यास मागेपुढे पाहू नये, एवढे यातून सिद्ध होते. समृद्धी महामार्गाचा उल्लेख मुद्दाम केला आहे. जून २०२५ मध्ये तो मुंबईच्या बाजूपर्यंत पूर्ण खुला झाला, आणि घाटावरच्या तालुक्यांतील मालाला रेल्वे येण्याआधीच वेगवान पर्याय मिळाला. महामार्ग खुला होण्यापूर्वीचे ट्रकांचे आकडे त्यामुळे आता निरुपयोगी आहेत.

टप्प्याविषयी एक कडक नियम पाळावा लागतो : पुढचा टप्पा कधीच झाला नाही तरी पहिला टप्पा स्वतःच्या पायावर उभा राहिला पाहिजे. जालन्याकडून सुरुवात केल्यास घाट न चढता चिखलीपर्यंतच्या मालाला ड्राय पोर्ट आणि दक्षिणेकडील मार्ग मिळतो. पूर्वेच्या मालाची बचत मात्र घाटाचा भाग झाल्याशिवाय मिळत नाही. खामगावकडून सुरुवात केल्यास सर्वांत मोठा खर्च प्रथम आणि लाभ सर्वांत शेवटी येतो. म्हणून जालन्याकडून आरंभ करणे अधिक शहाणपणाचे दिसते, जरी खामगावकरांना ते रुचणे कठीण असले तरी. त्याच वेळी घाटातील आखणीसाठी जमीन आताच राखून ठेवावी, ती १:१५० किंवा त्याहून सौम्य चढाला पुरेल अशी असावी आणि पुढे दुहेरी रुळांना पुरेल इतकी रुंद असावी, कारण नंतर तेथे घरे आणि विहिरी उभ्या राहिल्या की दुरुस्तीची वाट बंद होते. हेतुपूर्वक पाडलेले टप्पे आणि पैशाअभावी पडलेले तुकडे यांत फरक आहे; बीडच्या मार्गाचे जे झाले ते दुसऱ्या प्रकारचे होते.

जिल्ह्याच्या उत्तर टोकाला आखणीचा आणखी एक वाद घडला, आणि तोही याच चौकटीत पाहता येतो. अकोला–खंडवा या मीटर गेज मार्गाचे रुंदीकरण करताना जुनी वाट मेळघाट व्याघ्र प्रकल्पातून सुमारे ३९ किलोमीटर जात होती, तर पर्यायी वाट हिवरखेड, सोनाळा, टुनकी, जामोद या बाजूने, म्हणजे संग्रामपूर आणि जळगाव जामोद तालुक्यांतून, सुमारे तीस किलोमीटरांचा वळसा घेत होती. जुन्या वाटेच्या बाजूने अंतराची बचत निश्चित होती, पण वन्यजीवविषयक मंजुरी अनिश्चित होती. नव्या वाटेच्या बाजूने वळशाचा खर्च निश्चित होता, पण अनेक गावांचा माल आणि प्रवासी मिळण्याची शक्यता होती. २०१७ च्या आरंभी जुनी गाडी बंद झाली आणि वाद चालू राहिला, तेवढी वर्षे उत्तर–दक्षिण जाणारा हा दुवा तुटलेलाच राहिला. वाघांच्या अधिवासाचे मोल बाजूला ठेवले, जे ठेवू नये, तरीही मंजुरी मिळण्यास लागणाऱ्या वर्षांची किंमत आरंभीच हिशेबात धरली असती तर तीस किलोमीटरांचा वळसा महाग वाटला नसता.

हरकती आणि नोंदी

विशेष रेल्वे प्रकल्प म्हणून घोषित झालेल्या मार्गासाठी रेल्वे कायद्यानुसार जमीन घेताना अधिसूचना निघाल्यापासून तीस दिवसांत हरकत घेता येते. ही मुदत अल्प आहे, म्हणून ग्रामपंचायतीने आणि बाजार समितीने आपले आकडे आधीच तयार ठेवावेत : मालधक्क्यासाठी गावाजवळची कोणती गायरान किंवा पडीक जमीन सुचवता येईल, तेथे पावसाळ्यात ट्रक पोहोचतात का, पुराचे पाणी कोठवर आले होते याच्या खुणा कोठे आहेत, कोणत्या नाल्यावरील मोरी लहान पडेल. गावातल्या वृद्धांना ठाऊक असलेली पुराची रेषा ही नकाशावर न सापडणारी मोजलेली माहिती आहे आणि ती लेखी हरकतीत, गट क्रमांकासह, आली तरच तिचा उपयोग होतो. मोबदल्याचा वाद स्वतंत्र अर्जात चालवावा. आखणीच्या हरकतीत तो मिसळला की आखणीचा मुद्दा मागे पडतो.

मार्ग मंजूर झाल्यावर अंदाज विसरले जातात, ही सर्वांत हानिकारक सवय होय. बाजार समितीने अहवालातील वर्षवार टन, रेक, खर्च आणि पूर्णत्वाची तारीख एका वहीत उतरवून ठेवावी, त्यापुढे कोणत्या आकड्याला पुढचा टप्पा हाती घ्यावा आणि कोणत्या आकड्याखाली थांबावे हे ठरावाने नोंदवावे, आणि पहिली मालगाडी धावल्यानंतर तिसऱ्या वर्षी मालधक्क्याच्या प्रत्यक्ष नोंदींशी तो ताळा सर्वसाधारण सभेत वाचून दाखवावा.